झाडीपट्टीच्या तलावांतील प्राणिप्लवक

चंद्रपूर आणि गडचिरोली हे महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचे वनसंपन्न जिल्हे. साग, बांबू, वाघ आणि धान यांच्यामुळे हे जिल्हे सर्वपरिचित आहेत. परंतु या प्रदेशाचे तितकेच मोठे धन म्हणजे येथील तलाव होत. पावसाळ्याच्या अखेरीस तलावाच्या पाळीवर उभे राहून पाहिले असता विस्तीर्ण पाणी, कमळाची पाने, काठाशी उभा असलेला बगळा आणि डोंग्यातून जाळे टाकणारा ढिवर असे दृश्य दिसते. ज्याच्या आधारावर त्या जाळ्यात मासा येतो, तो जीवसमूह मात्र पाहणाऱ्याच्या नजरेस पडत नाही. सुपीक तलावाच्या एक लिटर पाण्यात असे शेकडो सूक्ष्म प्राणी वावरत असतात. त्यांना प्राणिप्लवक असे म्हणतात. मच्छीमाराचे उत्पन्न, तलावाच्या पाण्याची निर्मळता आणि काही प्रमाणात गावाचे आरोग्यही या इवल्याशा जीवांवर अवलंबून असते. म्हणूनच त्यांची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

प्लवक म्हणजे काय?

पाण्याच्या प्रवाहाविरुद्ध पोहून जाण्याचे सामर्थ्य नसलेले, पाण्याबरोबर तरंगत राहणारे जे जीव असतात, त्यांना प्लवक ही संज्ञा आहे. जर्मन शास्त्रज्ञ व्हिक्टर हेन्सन यांनी १८८७ मध्ये या जीवांसाठी भटकणारा अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून नाव योजले. 'प्लवक' हा आपल्याकडे रूढ झालेला त्याचा प्रतिशब्द होय. सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने स्वतःचे अन्न तयार करणारी सूक्ष्म शैवाले म्हणजे वनस्पतिप्लवक. ती शैवाले, जीवाणू आणि कुजणाऱ्या पाल्याचे कण यांवर उपजीविका करणारे सूक्ष्म प्राणी म्हणजे प्राणिप्लवक.

प्लवक म्हटले की प्रथम समुद्र आठवतो, आणि ते योग्यही आहे. कोकण किनाऱ्यावर वाळवून बाजारात येणारा जवळा हा प्लवकांमध्ये गणला जाणारा लहानसा कवचधारी प्राणी आहे. बांगड्यासारखा मासा मुख्यतः प्लवकांवरच पोसला जातो. हिंदी महासागरातील प्राणिप्लवकांचा पद्धतशीर अभ्यास १९६० ते १९६५ या काळातील आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत झाला. या मोहिमेनंतर १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची स्थापना झाली. गोव्यातील दोनापावल येथे तिचे मुख्यालय आहे.

वनप्रदेशाचा या समुद्राशी संबंध नाही असे मात्र नाही. वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून निर्माण होणारी प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरास जाते. पावसाळ्यात या नद्यांबरोबर वाहून जाणारी पोषकद्रव्ये किनाऱ्यालगतच्या समुद्रातील प्लवकांच्या वाढीस साह्यभूत होतात. समुद्र आणि तलाव यांतील जाती भिन्न असल्या तरी नियम बरेचसे समान आहेत. प्रकाश आणि पोषकद्रव्ये यांवर शैवाल वाढते, शैवालावर प्राणिप्लवक वाढतात आणि प्राणिप्लवकांवर मासे वाढतात. समुद्रात ही साखळी शेकडो किलोमीटरवर पसरलेली असते, तर तलावात ती एका पाळीच्या आत पाहावयास मिळते. अभ्यासाच्या दृष्टीने तलाव हा लहानसा समुद्रच होय.

तलावांचा प्रदेश

पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत तलाव बांधण्याची परंपरा फार जुनी आहे. गोंड राजवटीत तलाव बांधणाऱ्यास उत्तेजन मिळत असे. कोहळी समाज हा तलावबांधणीतील कसबाबद्दल प्रसिद्ध आहे. पुढे मालगुजारांच्या काळात या तलावांची देखभाल गावपातळीवर होत राहिली. १९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली आणि तलाव शासनाकडे आले. म्हणून आजही त्यांना माजी मालगुजारी तलाव असे संबोधले जाते. त्याशिवाय नागभीड तालुक्यातील घोडाझरी आणि सावली तालुक्यातील असोलामेंढा यांसारखे ब्रिटिश अमदानीत बांधलेले मोठे तलाव आहेत. चंद्रपूरजवळचा जुनोना, शहरातील रामाळा आणि व्याघ्र प्रकल्पातील ताडोबा हे तलाव तर सर्वांच्या परिचयाचे आहेत. धानाच्या बांधीला पाणी देणाऱ्या लहान बोड्यांची गणना करणे कठीणच.

हे तलाव बहुतांशी उथळ आहेत. पावसाळ्यात ते भरतात, सांडव्यावरून, म्हणजे या भागातील भाषेत सलंगावरून, वाहतात. हिवाळ्यात स्थिर होतात आणि उन्हाळ्यात आटतात. चंद्रपूरचा उन्हाळा तर ४५ अंश सेल्सिअसच्याही पलीकडे जातो. अनेक बोड्या मे महिन्यात पूर्णपणे कोरड्या पडतात आणि त्यांच्या तळाला भेगा जातात. दरवर्षी पूर आणि शोष या दोन टोकांमधून जाणाऱ्या पाण्यात सूक्ष्म जीव टिकून कसे राहतात, हा खरोखर कुतूहलाचा विषय आहे.

प्राणिप्लवकांचे प्रमुख गट

गोड्या पाण्यातील प्राणिप्लवकांत एकपेशीय प्रजीवांखेरीज चार गट महत्त्वाचे मानले जातात.

पहिला गट रोटिफेरांचा. यांच्या डोक्यावर केसांसारख्या तंतूंचे वलय असते. हे तंतू हालू लागले म्हणजे चाक फिरत असल्याचा भास होतो. बहुतेक रोटिफेर अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असतात. ब्रॅकिओनस आणि केराटेला ही तलावांत वारंवार आढळणारी नावे. ब्रॅकिओनसच्या काही जातींचे एक वैशिष्ट्य नमूद करण्यासारखे आहे. त्यांना खाणारा अॅस्प्लँक्ना हा मोठा रोटिफेर पाण्यात असला, तर त्याच्या शरीरातून पाझरणाऱ्या द्रव्याच्या प्रभावाने पुढच्या पिढीच्या अंगावर लांब काटे येतात आणि शत्रूला तिला गिळणे अवघड जाते.

दुसरा गट क्लॅडोसेरांचा, म्हणजे पाणपिसवांचा. पिसवेप्रमाणे उड्या मारीत चालण्याच्या पद्धतीवरून हे नाव पडले. डॅफ्निया हा यातील सर्वांत प्रसिद्ध प्राणी असला, तरी आपल्या उष्ण पाण्यात मोइना, सेरिओडॅफ्निया, डायाफॅनोसोमा असे लहान प्रकार अधिक दिसतात. पाणपिसू पाणी गाळून त्यातील शैवाल खाते. एरवी पाणी हिरवे करून टाकणाऱ्या शैवालावर तिचा असा अंकुश राहतो.

तिसरा गट कोपेपोडांचा. सायक्लॉप्स आणि डायाप्टोमस कुळातील प्राणी हे यातील प्रमुख. अंड्यातून निघालेली अळी सहा अवस्था ओलांडते, त्यानंतर तिला प्रौढासारखे रूप येते, आणि आणखी पाच अवस्थांनंतर ती प्रौढ होते. समुद्रातील प्राणिप्लवकांत संख्येने हाच गट बहुधा अग्रेसर असतो.

चौथा गट ऑस्ट्रॅकोडांचा. दोन शिंपल्यांमध्ये मिटून बसलेला हा प्राणी तलावाच्या तळाशी आणि पाणवनस्पतींच्या आधाराने राहतो.

रोटिफेर आणि पाणपिसवा यांच्या वाढीचा वेग विस्मयकारक आहे. अनुकूल काळात माद्या नराशिवायच अंडी देतात आणि त्यातून पुन्हा माद्याच जन्मतात. उष्ण पाण्यात मोइना अवघ्या दोन-चार दिवसांत वयात येते. त्यामुळे एखाद्या आठवड्यात स्वच्छ दिसणारे पाणी पुढच्या आठवड्यात प्राणिप्लवकांनी गजबजून जाते, आणि अन्न संपताच तितक्याच वेगाने रितेही होते. कोपेपोडांना नरमादीचा संयोग आवश्यक असतो, म्हणून त्यांची वाढ तुलनेने संथ असते.

तलावाचे ऋतुचक्र

या दोन जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांनी अनेक तलावांतील प्राणिप्लवकांच्या नोंदी केलेल्या आहेत. मध्य भारतातील उथळ तलावांचे जे सर्वसाधारण चित्र अशा नोंदींतून दिसते, ते असे: जून-जुलैच्या पहिल्या पुरात पाणी गढूळ होते, प्रकाश आत शिरत नाही आणि सलंगावरून वाहणाऱ्या पाण्याबरोबर प्लवकही वाहून जातात. या काळात त्यांची संख्या सर्वांत कमी असते. पाऊस ओसरला, गाळ खाली बसला आणि ऊन पाण्यात उतरले म्हणजे शैवाल वाढू लागते व त्यापाठोपाठ प्राणिप्लवक वाढतात. उन्हाळ्यात पाणी आटते, पोषकद्रव्ये एकवटतात आणि बहुधा रोटिफेरांची संख्या कळसास पोचते.

या भरभराटीत धोकाही असतो. पाणी जितके गरम, तितका त्यात विरघळणारा प्राणवायू कमी. २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशाला सुमारे साडेसात मिलिग्रॅम. रात्री शैवालही प्राणवायू वापरते. म्हणून उन्हाळ्यातील पहाटे मासे पाण्याच्या पृष्ठभागी येऊन तोंड उघडताना दिसतात.

दिवस आणि रात्र यांचाही प्राणिप्लवकांवर परिणाम होतो. दिवसा खोल पाण्यात किंवा वनस्पतींच्या आड दडावयाचे आणि अंधार पडताच वर येऊन चरावयाचे, असा यांपैकी अनेकांचा परिपाठ असतो. महासागरात हा प्रवास शेकडो मीटरांचा असतो. दोन मीटर खोलीच्या तलावात तेवढी खोली नसते. तेथे कमळ, शिंगाडा, देवधान आणि पाण्याखालील शेवाळी वनस्पती हाच त्यांचा निवारा होय. काठावरील आणि पाण्यातील देशी वनस्पती समूळ उपटल्या, तर माशांच्या नजरेपासून दडण्याची जागा जाते आणि मोठ्या पाणपिसवा झपाट्याने नाहीशा होतात.

ताडोबासारख्या जंगलातील तलावांत आणखी एक स्रोत असतो. पाणलोटातील झाडांचा पाला ओढ्यांतून पाण्यात येतो व कुजतो. त्यावर जीवाणू, जीवाणूंवर प्रजीव आणि या दोहोंवर प्राणिप्लवक वाढतात. तलावातील मासा अशा रीतीने काही अंशी जंगलाच्या पाल्यावरच पोसलेला असतो.

चिखलातील बीजपेढी

आता बोडी आटल्यावर हे प्राणी जातात कोठे, या प्रश्नाकडे वळू. परिस्थिती प्रतिकूल होऊ लागली की रोटिफेर आणि पाणपिसवा यांच्यात नर जन्मास येतात, संयोग होतो आणि एक वेगळ्याच प्रकारची, जाड कवचाची अंडी तयार होतात. पाणपिसवेच्या अशा अंड्यांभोवती घोड्याच्या खोगिरासारखे दिसणारे आवरण असते. डायाप्टोमस कुळातील कोपेपोडही अशी सुप्त अंडी घालतात, तर सायक्लॉप्सच्या काही जाती अर्धवट वाढलेल्या अवस्थेतच चिखलात निद्रिस्त होतात. ही अंडी ऊन, शोष आणि माशांच्या पोटातील पाचकरसदेखील सहन करू शकतात. काही जातींची अंडी दशकानुदशके जिवंत राहिल्याचे आढळून आले आहे.

या गुणधर्माचा शोध तसा जुना आहे. अँटनी व्हान लेव्हेनहूक यांनी १७०२ मध्ये छपराच्या पन्हळीतील वाळलेल्या धुळीत पाणी घातले आणि त्यात रोटिफेर हालचाल करू लागल्याचे पाहिले. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ जी. ओ. सार्स यांनी तर ऑस्ट्रेलियातून आणविलेल्या कोरड्या चिखलात पाणी घालून तेथील पाणपिसवा आपल्या देशात वाढविल्या व १८८५ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले.

तात्पर्य, मे महिन्यातील भेगाळलेल्या बोडीचा तळ निर्जीव नसतो. शेतकरी ज्याप्रमाणे बियाणे कणगीत राखून ठेवतो, त्याप्रमाणे तलाव आपले बियाणे चिखलात राखून ठेवतो. त्यातील अंकुरणक्षम भाग प्रामुख्याने वरच्या काही सेंटिमीटर थरात असतो. पहिल्या पावसाचे पाणी भरताच त्यातील काही अंडी उबतात आणि उरलेली पुढच्या हंगामासाठी तशीच पडून राहतात. एखाद्या वर्षी पाऊस येऊन पुन्हा दीर्घ उघडीप पडली, तरी सर्व बियाणे एकाच वेळी नष्ट होऊ नये, अशी ही निसर्गाची तजवीज आहे.

एका तलावातून दुसऱ्या तलावात

नवीन खोदलेल्या शेततळ्यात काही आठवड्यांतच प्राणिप्लवक दिसू लागतात. ते कोणी आणून सोडलेले नसतात. त्यांच्या प्रसाराचे मार्ग अनेक आहेत. माळेसारख्या रचनेत एकाखाली एक असलेल्या तलावांत वरच्या तलावाच्या सलंगावरून वाहणारे पाणी खालच्या तलावात प्लवक आणून सोडते. कोरड्या तळावरची धूळ वाऱ्याने उडते आणि तिच्याबरोबर अंडीही उडतात. पाणपक्ष्यांच्या पायांना व पिसांना चिकटलेला चिखल तर मोठे अंतर कापतो. त्यांच्या पोटातूनही सुप्त अंडी सुखरूप बाहेर पडतात. हिवाळ्यात तलावांवर उतरणारी स्थलांतरित बदके या दृष्टीने जणू टपालवाहकाचेच काम करीत असतात.

चार्ल्स डार्विन यांनी या विषयात रस घेतला होता. एका लहान तळ्याच्या काठचा तीन चमचे चिखल त्यांनी सहा महिने झाकून ठेवला आणि त्यातून उगवलेली रोपे मोजली. ती ५३७ भरली. प्रयोग वनस्पतींच्या बियांचा असला, तरी पक्ष्याच्या पायाला चिकटलेल्या चिखलात किती जीवन सामावलेले असू शकते, हे त्यावरून ध्यानात येते.

याखेरीज मनुष्य हाही प्रसाराचा एक मार्ग आहे. जाळी, डोंगे आणि मत्स्यबीजाच्या पिशव्यांतील पाणी यांतून प्लवकांबरोबरच नको असलेले मासे, तण आणि रोगजंतूही तलावातलावांत पोचतात. म्हणून एका तलावात वापरलेले जाळे उन्हात पूर्ण वाळवून मगच दुसऱ्या तलावात टाकणे हितावह असते.

मत्स्यबीज आणि प्राणिप्लवक

प्राणिप्लवकांचा आर्थिक महत्त्वाचा भाग येथे येतो. तलावांतून कटला, रोहू आणि मृगळ या तीन माशांचे संवर्धन प्रामुख्याने केले जाते. कटला पृष्ठभागाजवळ राहतो व आयुष्यभर मुख्यत्वे प्राणिप्लवकांवर जगतो. रोहू मधल्या थरातील वनस्पतिजन्य अन्न आणि मृगळ तळातील कुजके पदार्थ खातो. परंतु बाल्यावस्थेत या तिघांचेही अन्न एकच असते व ते म्हणजे प्राणिप्लवक.

पूर्वी या माशांचे बीज नद्यांतून गोळा करावे लागे. डॉ. हिरालाल चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात पियुषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन प्रमुख कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. हा दिवस देशात राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. त्या शोधामुळे बीज मुबलक झाले. तथापि, बीज जन्मास घालणे आणि ते जगविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

अंड्यातून निघालेले पिल्लू पहिले तीन दिवस स्वतःच्या पोटाशी असलेल्या पीतकावर जगते. पीतक संपताच सहा ते आठ मिलिमीटर लांबीच्या या मत्स्यजिऱ्याला बाहेरचे अन्न हवे असते. त्याच्या तोंडात मावतील असे रोटिफेर, कोपेपोडांच्या अळ्या आणि लहान मोइना पाण्यात असतील तर ते तगते, नसतील तर उपासमारीने मरते. रिकाम्या पाण्यात सोडलेले मत्स्यजिरे म्हणजे कोरड्या बांधीत टाकलेले धानच होय. सहकारी संस्थेने खर्चिलेला पैसा त्याबरोबर वाया जातो.

म्हणून संगोपन तळ्याची पूर्वतयारी आवश्यक ठरते. जिरे सोडण्याच्या सुमारे पंधरा दिवस आधी हेक्टरी १० टनांच्या आसपास ताजे शेण तळ्यात घालावे. त्यावर जीवाणू व शैवाल वाढून प्राणिप्लवकांची पैदास होते. ती पुरेशी झाली की नाही, हे पाहण्याची रीत सोपी आहे. तळ्याच्या निरनिराळ्या भागांतील ५० लिटर पाणी प्लवक-जाळीतून गाळावे, जाळीच्या टोकाच्या नळीत जमलेल्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकावे आणि काही वेळ स्थिर ठेवावे. तळाशी १ ते २ मिलिलिटर साका बसला, तर तळे जिरे सोडण्यास योग्य समजावे. साका बहुतांशी हिरवा असेल तर तो शैवालाचा होय. फिकट तपकिरी असेल तर तो प्राणिप्लवकांचा.

या अन्नाचे वाटेकरी आणि जिऱ्यांचे शत्रू असलेले पाणकिडे आधी दूर करावे लागतात. त्यासाठी हेक्टरी ५६ किलो तेल व १८ किलो साबण यांचे मिश्रण, वारा नसताना, जिरे सोडण्यापूर्वी १२ ते २४ तास पाण्यावर पसरण्याची पद्धत रूढ आहे. श्वासासाठी पृष्ठभागी येणारे किडे त्या पातळ थरामुळे गुदमरतात. प्राणिप्लवक शरीराच्या पृष्ठभागातून पाण्यातील प्राणवायू घेतात, त्यामुळे त्यांना अपाय होत नाही. हा उपाय अर्थात लहान संगोपन तळ्यापुरताच आहे.

मोठ्या तलावाची सुपीकता अजमावण्यासाठी सेकी तबकडीचा उपयोग करता येतो. इटालियन शास्त्रज्ञ अँजेलो सेकी यांनी १८६५ मध्ये ही युक्ती काढली. २० सेंटिमीटर व्यासाची, काळ्यापांढऱ्या रंगाची तबकडी दोरीने पाण्यात सोडावी आणि ती दिसेनाशी होण्याची खोली मोजावी. पाणी मातीने गढूळ नसताना ही खोली २५ ते ४० सेंटिमीटर भरली, तर मत्स्यसंवर्धनास पुरेसे प्लवक आहेत असे समजतात. शाळेतील विद्यार्थ्यांनाही हा प्रयोग करून दर महिन्याची नोंद ठेवता येईल.

आरोग्याशी संबंध

सायक्लॉप्सची एक दुष्कीर्तीही आहे. नारू या रोगाच्या कृमीची अळी सायक्लॉप्सच्या शरीरात वाढते. असा सायक्लॉप्स असलेले पाणी न गाळता प्याल्यास सुमारे वर्षभराने माणसाच्या पायातून लांब कृमी बाहेर पडतो. महाराष्ट्रासह अनेक राज्यांना या रोगाचा उपद्रव होता. १९८३-८४ पासून राबविलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात पायऱ्यांच्या विहिरी बंदिस्त करणे, पाण्यात औषध टाकणे आणि पाणी फडक्याने गाळून पिणे यांवर भर देण्यात आला. १९९६ च्या जुलैत देशातील शेवटचा रुग्ण आढळला आणि २००० च्या फेब्रुवारीत जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. एका प्लवकाचे जीवनचक्र समजल्यामुळे साध्या फडक्याने एवढा मोठा रोग हटविता आला.

दुसऱ्या बाजूस, मेसोसायक्लॉप्स हा सायक्लॉप्सचा भाऊबंद डासांच्या कोवळ्या अळ्या खातो. व्हिएतनाममध्ये पाण्याच्या टाक्यांत तो सोडून डेंग्यूच्या डासांवर नियंत्रण मिळविण्यात आले आहे. आपल्याकडे डासअळ्या खाण्यासाठी सोडले जाणारे गप्पी व गांबुसिया मासे प्राणिप्लवकही फस्त करतात. त्यामुळे ते मत्स्यबीजाच्या तळ्यांत न सोडणेच श्रेयस्कर.

तलावांपुढील संकटे

सांडपाणी हे यांतील पहिले संकट. पोषकद्रव्ये प्रमाणाबाहेर वाढली की नील-हरित शैवाल माजते. त्याचे गुच्छ पाणपिसवांना खाता येत नाहीत. पाणपिसवा कमी होतात, प्रदूषण सहन करणारे ब्रॅकिओनससारखे रोटिफेर वाढतात आणि माशांचे अन्न निकृष्ट होते. रामाळा तलावावर सांडपाणी व ईकॉर्निया यांचे जे आक्रमण झाले, ते या अवस्थेचे ठळक उदाहरण आहे. ईकॉर्नियाच्या गालिच्याखाली उजेड पोचत नाही, मग शैवाल नाही आणि प्राणिप्लवकही नाहीत.

दुसरे संकट कीटकनाशकांचे. पाणपिसू विषारी द्रव्यांच्या बाबतीत इतकी संवेदनशील आहे, की नव्या रसायनाची विषारीता तपासण्यासाठी डॅफ्नियावर ४८ तासांची चाचणी जगभर घेतली जाते. धानावर फवारलेले औषध मुसळधार पावसाने बोडीत उतरले, तर प्रथम बळी पाणपिसवांचा पडतो. मासे मेलेले दिसत नाहीत म्हणून पाणी निर्धोक आहे असे समजणे चुकीचे ठरते.

तिसरी बाब गाळ काढण्याची. तलावांतील गाळ काढून तो शेतात टाकणे हे उपयुक्त काम आहे आणि २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या योजनेतून त्यास चालना मिळाली. त्यामुळे साठवणक्षमता वाढते आणि शेतेही सुधारतात. परंतु यंत्राच्या साहाय्याने संपूर्ण तळ एकाच उन्हाळ्यात खरवडून काढला, तर चिखलातील बीजपेढी आणि पाणवनस्पतींचे कंद दोन्ही निघून जातात. पाणी साठते, पण पहिल्या हंगामात त्यात माशाला पुरेसे खाद्य नसते. वारा, पूर व पक्षी पुन्हा बियाणे आणतात खरे, मात्र जातींची पूर्वीची विविधता परत येण्यास काळ जावा लागतो.

करावयाचे उपाय

यासाठी फार मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. गाळ टप्प्याटप्प्याने काढावा आणि दरवर्षी तळाचा काही भाग अस्पर्शित ठेवावा. शक्य असेल तेथे वरचा पातळ थर बाजूला काढून काम संपल्यावर तो पुन्हा तळावर पसरावा. बेशरम आणि ईकॉर्निया उपटून टाकावेत, पण कमळ, शिंगाडा, देवधान यांचे पट्टे काठाशी राखावेत. फवारणीनंतर बांधीचे पाणी लगेच बोडीत सोडू नये. मत्स्यजिरे सोडण्यापूर्वी प्लवक मोजावेत. गावाचे सांडपाणी तलावात उतरण्यापूर्वी शोषखड्ड्यात जिरवावे.

या कामात पुढाकार कोणी घ्यावयाचा, हाही महत्त्वाचा प्रश्न आहे. १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत येतात, मासेमारी सहकारी संस्थांकडे असते आणि पाणी धानाला हवे असते. तिघांची गरज एकाच पाण्यावर भागावयाची असल्याने तिघांनी एकत्र बसून निर्णय घेणे इष्ट आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने जलाशयांतील मासे व अन्य उत्पादनांवरील सामूहिक हक्क मान्य केले आहेत. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये देशात प्रारंभीच सामूहिक वनहक्क मिळाले. जंगलाबरोबर तलावाचाही विचार करणारी ग्रामसभा हे काम उत्तम प्रकारे करू शकेल.

धानाच्या पिकाची पैसेवारी होते, माशांची मोजदाद होते, मात्र त्या माशांना पोसणाऱ्या पिकाची नोंद सहसा कोणी ठेवीत नाही. एक जाळी, एक नळी आणि एक तबकडी एवढ्या साहित्यावर ती प्रत्येक मच्छीमार संस्थेला व तलावाकाठच्या प्रत्येक शाळेला ठेवता येईल. अशा नोंदी वर्षानुवर्षे साठत गेल्या, तर कोणत्या तलावात केव्हा व किती मत्स्यबीज सोडावे याचा निर्णय अनुभवाच्या पक्क्या आधारावर घेता येईल. पूर्वजांनी बांधून ठेवलेल्या पाळी आपण जतन करीत आहोत, त्या पाळींच्या आतील हे सूक्ष्म धनही तितक्याच काळजीने जतन करणे आपले कर्तव्य आहे.